गाडीची घरची निगा आणि सवलतीचा हिशेब

गाडी घरी धुणाऱ्याला आणि तिची किरकोळ कामे स्वतः करणाऱ्याला जे सामान लागते, त्याचे दोन भाग पडतात. एक गाडीच्या अंगाला लागणारे, म्हणजे शाम्पू, फडकी, पॉलिश, मेण, काचेचे आणि डॅशबोर्डचे क्लीनर. दुसरे गाडीच्या पोटात जाणारे, म्हणजे इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल. दोन्हींवर वर्षभर कुठे ना कुठे सूट चालू असते, पण दोन्हींची खरेदी एकाच पद्धतीने करून चालत नाही. अंगाला लागणारी वस्तू चुकली तर रंगावर ओरखडे उठतात किंवा चकाकी जाते. पोटात जाणारी चुकली तर इंजिनावर किंवा ब्रेकवर बेतते. त्यामुळे पहिल्या भागात स्वस्ताई शोधायला भरपूर वाव आहे. दुसऱ्या भागात आधी ग्रेड आणि मग किंमत हा क्रम मोडता येत नाही.

सूट नेहमी एमआरपीवर सांगितली जाते. एमआरपी म्हणजे सर्व करांसह कमाल किंमत. तिच्याहून जास्त पैसे घेता येत नाहीत, कमी कितीही घेता येतात, आणि ती किती छापायची हे उत्पादक किंवा आयातदार ठरवतो. फडकी, ब्रश, स्प्रेच्या बाटल्या यांवर छापील किंमत पुष्कळदा इतकी वर ठेवलेली असते की वस्तू बाराही महिने ‘निम्म्या किमतीत’ मिळत राहते. अशा वस्तूची निम्मी किंमत हीच तिची रोजची किंमत समजावी. पाकिटावर आता प्रतिग्रॅम किंवा प्रतिमिलिलिटर किंमतही छापावी लागते. ती बारीक अक्षरांतली ओळ मोठ्या टक्क्यांपेक्षा जास्त उपयोगाची आहे. सुट्या भागांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी त्यांतल्या अनेकांवर तो २८ टक्के होता. जुन्या छापील किमतीशी तुलना करून कोणी सवलत दाखवत असेल, तर तिच्यातला काही भाग दुकानदाराचा नसून कमी झालेल्या कराचा असतो.

खरा हिशेब एका वापराला किती पैसे पडतात यावर मांडावा लागतो. शाम्पूचे उदाहरण घेऊ. समजा, अर्ध्या लिटरची एक बाटली ४०० रुपयांची आहे आणि एका धुण्याला बादलीत २५ मिलिलिटर पुरते. तिच्यात २० वेळा गाडी धुता येते, म्हणजे एका धुण्याला २० रुपये पडले. दुसरी अर्ध्या लिटरची बाटली सवलतीत २०० रुपयांना मिळते, पण १०० मिलिलिटर घातल्याशिवाय तिचा फेस धरत नाही. तिच्यात पाचच धुणी होतात आणि एक धुणे ४० रुपयांना पडते. अर्ध्या किमतीची बाटली दुप्पट महाग ठरली. हा हिशेब करायला बाटलीमागे लिहिलेले मिश्रणाचे प्रमाण पुरते. ज्या बाटलीवर प्रमाणच लिहिलेले नाही, ती सवलतीतही घेऊ नये.

पाच लिटरचा कॅन लिटरमागे स्वस्त पडतो, पण एका घराला तो फार होतो. एका धुण्याला २५ मिलिलिटर धरले तर त्यात २०० धुणी होतात. आठवड्यातून एकदा गाडी धुणाऱ्याला तो पावणेचार वर्षे पुरेल, आणि तेवढ्यात शाम्पू फुटून पाण्यासारखा होण्याची शक्यताच जास्त. सोसायटीच्या पार्किंगमधल्या चार-पाच घरांनी मिळून कॅन घेतला आणि रिकाम्या बाटल्यांत वाटून घेतला, तर घाऊक भावाचा फायदा सगळ्यांना मिळतो. प्रत्येक बाटलीवर नाव, प्रमाण आणि तारीख लिहून ठेवावी. असे मिश्रण पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही.

भांडी घासायचा साबण आणि कपड्यांची पावडर हे सगळ्यांत स्वस्त पर्याय म्हणून वापरले जातात. दोन्ही तेलकट थर काढण्यासाठी बनवलेले असतात आणि गाडीच्या रंगावरचे मेण हाही तसाच थर आहे, त्यामुळे चार धुण्यांत मेण निघून जाते. वॉशिंग सेंटरना माल पुरवणाऱ्या दुकानांत ड्रममधून सुटा मिळणारा शाम्पू याहून कडक असू शकतो. तो तीव्र अल्कधर्मी असेल तर उघड्या ॲल्युमिनियमवर डाग पाडतो आणि रबर कोरडे करतो. पण सुटा माल सरसकट वाईट म्हणून सोडून देण्याचेही कारण नाही. शाळांना प्रयोगशाळेचे साहित्य पुरवणाऱ्या दुकानात पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या थोडक्या पैशांत मिळतात. पट्टी ७ च्या आसपास दाखवत असेल तर तो शाम्पू रंगाला सोसणारा आहे; १० किंवा त्याहून वर गेली तर तो चाकांच्या कमानीतल्या चिखलापुरताच ठेवावा.

रंगावरचे बहुतेक बारीक ओरखडे रस्त्यावर पडत नाहीत, ते पार्किंगमध्ये पडतात. सकाळी जुनी बनियन किंवा पिवळे फडके घेऊन कोरडी धूळ पुसली जाते, तेव्हा धुळीतले वाळूचे कण रंगावर फिरतात आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसू लागतात. मग त्या घालवायला रबिंग-पॉलिशचा खर्च येतो. कोरडे पुसणे थांबवणे ही फुकटातली बचत आहे. धुताना दोन बादल्या घ्याव्यात, एक शाम्पूची आणि एक साध्या पाण्याची. हातमोजा प्रत्येक फेरीनंतर साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवावा. या कामाला घरातल्या जुन्या बादल्या चालतात, ‘कार वॉश बकेट’ म्हणून विकली जाणारी महाग बादली लागत नाही. जिथे पाण्याचीच टंचाई आहे, तिथे न खळबळता धुण्याचे द्रावण मिळते. ते बादलीभर पाण्यात टोपणभर घालतात, त्यातले पॉलिमर धुळीच्या कणाभोवती बसून तो सरकता ठेवतात आणि नंतर पाण्याने धुवावे लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागलेल्या लातूरसारख्या शहरात पाइप लावून गाडी धुणे कोणत्याच हिशेबात बसत नाही. मात्र चिखलाने माखलेल्या गाडीला हे द्रावण चालत नाही. नुसत्या धुळीसाठीच ते ठीक.

बोअरच्या पाण्याचा त्रास वेगळा. त्यात क्षार जास्त असतात, आणि उन्हात गाडी आपोआप सुकली की पांढरे ठिपके राहतात. ते घालवण्याच्या महागड्या स्प्रेपेक्षा गाडी सावलीत धुऊन लगेच टॉवेलने टिपणे स्वस्त.

मायक्रोफायबर कापडावर सर्वांत मोठ्या सवलती असतात आणि सर्वांत जास्त फसगतही इथेच होते. या कापडात पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड असे दोन धागे असतात, साधारण ८०:२० किंवा ७०:३० प्रमाणात. धागा चिरून अतिशय बारीक केलेला असतो, म्हणून तो धूळ पकडून आत घेतो. निव्वळ पॉलिएस्टरचे कापड दिसायला तसेच असते, पण पाणी शोषण्याऐवजी पुढे ढकलते. दुकानात पारख करायची तर कापडावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब लगेच मुरला पाहिजे. कोरड्या तळहातावरून फिरवले तर चांगले कापड कातडीला किंचित अडकते. वजन जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम असे लिहिलेले असते. डॅशबोर्ड आणि पॉलिश पुसायला ३०० ते ३५० पुरे, गाडी टिपायला ५०० च्या पुढचे हवे. काठाला जाड दोऱ्याची शिलाई असेल तर ती रंगावर ओरखडा पाडू शकते. बारा कापडांचा स्वस्त गठ्ठा घ्यावा, पण तो काच, चाके, दरवाजांच्या कडा आणि इंजिनची जागा यांसाठी. रंगासाठी दोन-तीन चांगली कापडे वेगळी ठेवावीत. आयुष्य वाढवायचे तर ती सुती कपड्यांबरोबर धुऊ नयेत, कारण सुताचे तंतू धाग्यांत अडकतात. फॅब्रिक कंडिशनर तर टाळावाच. तो धाग्यांवर थर धरतो आणि कापड पाणी शोषणे सोडते.

रबिंग, पॉलिश, मेण आणि कोटिंग ही नावे बाजारात सरमिसळ वापरली जातात, त्यामुळे नको ती बाटली स्वस्तात घरी येते. रबिंग कंपाउंड आणि पॉलिश रंगाचा वरचा पारदर्शक थर खरवडून सपाट करतात. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, माणसाच्या केसापेक्षाही पातळ, आणि खरवडलेला परत येत नाही. म्हणून दर दिवाळीला सूट मिळते म्हणून रबिंग करून घेणे म्हणजे पैसे देऊन रंगाचे आयुष्य कमी करणे. मेण आणि सीलंट मात्र खरवडत नाहीत, वरून थर देतात. कार्नौबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते; त्याची चमक सुंदर, पण आपल्या उन्हात ते काही आठवड्यांतच ओसरते. सिलिका असलेले फवारायचे सीलंट काही महिने टिकते आणि एका वापराला स्वस्त पडते. घरगुती वापरासाठी सवलतीत साठवण्याजोगी वस्तू हीच. खरे सिरॅमिक कोटिंग लहान बाटलीत येते, लावण्याआधी रंगाची पूर्ण तयारी लागते आणि उघडलेली बाटली हवेतल्या दमटपणाने घट्ट होते. ‘एकावर एक फ्री’ची दुसरी बाटली बहुधा कपाटातच सुकते. कोटिंगआधी रंगावरचा तेलकटपणा काढायला मिळणारे स्प्रे म्हणजे पुष्कळदा मुळात पातळ केलेले आयसोप्रोपिल अल्कोहोलच असते. रसायनांच्या दुकानातून ते लिटरवर घेऊन शुद्ध पाण्यात पातळ केले तर खूपच कमी पैशांत काम होते. हे द्रव्य पेट घेते, म्हणून ते उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नये.

आतल्या भागाला फार सामान लागत नाही. डॅशबोर्डवरचे चकचकीत सिलिकॉन पॉलिश समोरच्या काचेत प्रतिबिंब पाडते आणि दुपारी डोळ्यांना त्रास देते. ओलसर कापड आणि कोमट पाणी चालते. टायरचे काळे पॉलिश बाजूच्या भिंतीपुरतेच लावावे, रस्त्याला टेकणाऱ्या भागावर आणि ब्रेकच्या डिस्कवर त्याचा थेंबही जाता कामा नये. वॉशिंग सेंटरवर गाडीच्या खालून डिझेल फवारण्याची जुनी रीत आहे. खालचा भाग काळा कुळकुळीत दिसतो खरा, पण खनिज तेलाने सस्पेन्शनमधली नैसर्गिक रबराची बुशे फुगून मऊ पडतात. ते घरी करू नये आणि बाहेर फुकट मिळाले तरी घेऊ नये.

दसऱ्याला घरोघरी गाडी धुऊन पूजा होते, आणि त्याच सुमारास ऑनलाइन दुकानांचे मोठे सेलही असतात. पूजेनंतर हळद-कुंकू आणि अक्षता तशाच राहू देऊ नयेत. पांढऱ्या गाडीच्या प्लास्टिकवर ओली हळद मुरते, आणि कोरड्या कुंकवावर फडके घासले की ओरखडे येतात. दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी ओतून ते वाहू द्यावे.

आता गाडीच्या पोटात जाणाऱ्या वस्तू. गाडी वॉरंटीत असेल तर ऑइल बदलण्यासारखी ठरलेली सर्व्हिस अधिकृत केंद्रातच करून नोंदवून घ्यावी. वाचलेल्या शेकडो रुपयांपायी हजारोंचा दावा अडू शकतो. वॉरंटी संपल्यावर मात्र घरच्या कामाला अर्थ येतो.

इंजिन ऑइलच्या डब्यावर दोन गोष्टी पाहायच्या असतात. पहिली दाटपणा. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. आधीचा आकडा थंडीतला प्रवाहीपणा सांगतो, नंतरचा १०० अंश सेल्सियसला तेल किती दाट राहते ते सांगतो. अलीकडच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ इतके पातळ तेल लागते. त्यांच्यात ‘आपल्याकडे उन्हाळा फार’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतणे चूक आहे, कारण त्या इंजिनांतल्या फटी आणि तेलाचा पंप पातळ तेलाच्या मापानेच बनवलेला असतो. दुसरी गोष्ट दर्जा. पेट्रोल इंजिनसाठी एपीआयच्या एसएन, एसपी अशा श्रेणी असतात. एसपी २०२० मध्ये आली आणि ती एसएनच्या जागी चालते, उलट चालत नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर आला. त्यांना कमी राखेचेच तेल लागते. जुन्या श्रेणीचे स्वस्त तेल घातले तर त्याची राख फिल्टरमध्ये साठत जाते आणि तो बदलण्याचा खर्च कित्येक वर्षांच्या तेलापेक्षा जास्त असतो. गाडीच्या पुस्तिकेत दाटपणा, दर्जा आणि किती लिटर हे तिन्ही दिलेले असते. हे तिन्ही एकदा जुळले की पुढे बिनधास्त भाव करावा. ३.१ लिटर लागणाऱ्या गाडीला ३.५ लिटरचा डबा तीन अधिक एक लिटरपेक्षा बहुधा स्वस्त पडतो. बंद डबा काही वर्षे टिकतो, म्हणून सेलमध्ये पुढच्या एका सर्व्हिसचे तेल घेऊन ठेवायला हरकत नाही. ऑइल बदलताना नवा ऑइल फिल्टर आणि ड्रेन नटचा वॉशर घ्यायचाच; वॉशर क्षुल्लक किमतीचा असतो, तो वाचवला की तेल ठिबकते. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. पोलादी स्टँडची जोडी ही या सगळ्या यादीतली एकमेव वस्तू आहे जिची सवलत शोधत थांबू नये.

फिल्टरमध्ये बचतीला खरी जागा आहे. मोटार कंपन्या आपले फिल्टर बहुतेक स्वतः बनवत नाहीत. ठरावीक पुरवठादार ते बनवतात आणि मोटार कंपनीच्या खोक्यात ते तिच्या किमतीला विकले जातात. तोच पुरवठादार आपल्या नावाच्या खोक्यातही फिल्टर विकतो आणि तो पुष्कळदा स्वस्त असतो. जुन्या फिल्टरवर छापलेला पार्ट नंबर दाखवून मागितला तर गडबड होत नाही. एअर फिल्टर आणि एसीचा केबिन फिल्टर ही नवशिक्यानेही करण्याजोगी कामे. केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, दोन-चार खटके काढले की हाती येतो, आणि सर्व्हिसच्या बिलात त्याची मजुरी वेगळी लागते. वायपरची लांबी इंचांत मोजून मे महिन्यातच घ्यावी. पहिल्या पावसानंतर मागणी वाढते आणि दुकानदार सूट देत नाही.

कूलंटचा हिरवा, लाल किंवा निळा रंग हे प्रमाण नाही, रंग कोणीही कोणताही घालू शकतो. बाटलीवर ‘तयार’ आहे की ‘संहत’ ते पाहावे. संहत कूलंट शुद्ध पाण्यात मिसळायचे असते, म्हणून महाग दिसणारी संहत बाटली तयार बाटलीपेक्षा स्वस्त पडू शकते. नळाचे पाणी मात्र घालू नये. ब्रेक ऑइलच्या बाबतीत साठवण सरळ चुकीची. डॉट ३ आणि डॉट ४ हवेतली ओल शोषतात. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. पाणी शिरल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणून उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नये, लहानच बाटली घ्यावी. ब्रेकचे पॅड बदलणे आणि ब्रेकमधली हवा काढणे ही कामे जाणकार मेकॅनिककडेच बरी.

काही बीएस-६ डिझेल गाड्यांना डीईएफ हे युरियाचे द्रावण लागते. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो आणि उष्णतेने तो विघटित होतो. साठवणीचे तापमान २५ अंशांपर्यंत असेल तर द्रावण दीड वर्ष टिकते, ३५ अंशांपर्यंत जेमतेम सहा महिने. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेली सवलतीतली मोठी बादली वाया जाण्याची शक्यता जास्त. लागेल तेवढेच घ्यावे आणि उत्पादनाची तारीख पाहावी. बॅटरीच्या बाबतीत जुनी बॅटरी परत दिल्यावर मिळणारी रक्कम हीच मुख्य सवलत असते, म्हणून दोन दुकानांत भाव विचारताना ‘जुनी देऊन’ आणि ‘जुनी न देता’ असे दोन्ही विचारावे.

कुठे घ्यावे, हा प्रश्न वस्तूगणिक बदलतो. पुण्यातली नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीतले कश्मीरी गेट हे सुट्या भागांचे आणि ॲक्सेसरीजचे जुने बाजार आहेत. तिथे पार्ट नंबर आणि मोजके पैसे घेऊन गेलेल्याला घासाघीस करता येते, वस्तू हातात घेऊन पाहता येते. ऑनलाइन खरेदीत तुलना सोपी असते, पण विक्रेता कोण आहे आणि माल कोणत्या देशातला आहे हे पाहूनच मागवावे. ही माहिती दाखवणे त्यांना बंधनकारक आहे. तेल आणि फिल्टरवर बाजारभावापेक्षा फारच मोठी सूट असेल तर संशय घ्यावा. सीलच्या कडा, डब्यावरचा बॅच नंबर आणि तारीख, खरवडून तपासायचा क्यूआर कोड हे सगळे पाहावे आणि पक्के बिल घ्यावे. कच्च्या चिठ्ठीवर मिळालेली पाच टक्के जास्त सूट तक्रारीच्या वेळी निरुपयोगी ठरते. पक्के बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते.

बनावट तेल बहुधा अस्सल कंपनीच्या जुन्या डब्यांतच भरले जाते, आणि ते डबे घराघरांतून आणि गॅरेजांतून भंगारात गेलेले असतात. त्यामुळे रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी त्याला खिळ्याने भोक पाडावे आणि लेबल फाडून टाकावे; फिल्टरची खोकीही फाडूनच द्यावीत. निघालेले काळे तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. ते टोपण घट्ट लावलेल्या कॅनमध्ये भरून, जुने तेल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी जमा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे नेऊन द्यावे.